नावात 'मराठी' असो-नसो, नाव मराठी असू दे

सीमाभागात नवी संस्था काढायची म्हटली की बाकी सगळं पटापट ठरतं. अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, पहिला कार्यक्रम कुठं. गाडी अडते ती नावावर. तास-दीड तास चर्चा होते, चहा दोनदा येतो आणि शेवटी कुणीतरी वैतागून म्हणतं, "टाका की काहीतरी, काम महत्त्वाचं." मग कागदावर उतरतं : अमुक-तमुक बहुउद्देशीय सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक व क्रीडा प्रतिष्ठान.

हे नाव एकदा मोठ्यानं वाचून बघा. दम लागतो की नाही?

काम महत्त्वाचं, यात वादच नाही. पण आपल्याकडं नाव हा कामाचाच भाग आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी, कारवार, कुठलंही गाव घ्या. इथल्या संस्थेचं नाव तीन लिप्यांत लिहिलं जातं, दोन-तीन भाषांत उच्चारलं जातं आणि ते ऐकूनच लोक ठरवतात, हे आपलं आहे की दुसऱ्या कुणाचं. पुण्यातल्या संस्थेचं नाव फसलं तर लोक फार तर हसतील. आपल्याकडं फसलं तर शेजारच्या गल्लीतलं पोर अभ्यासिकेची पायरीच चढत नाही.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नाव मराठी असावं, स्वच्छ मराठी असावं. नावात 'मराठी' हा शब्द मात्र असायलाच हवा असं नाही. या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि तिथंच घोटाळा होतो.

जुन्या माणसांनी काय केलं?

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. 'सार्वजनिक' हा एक शब्द लोकांच्या तोंडी इतका बसला की सभेचे गणेश वासुदेव जोशी यांचं नावच 'सार्वजनिक काका' पडलं. नाव इतकं सोपं आणि कामाशी इतकं जुळलेलं की माणूस आणि संस्था वेगळी राहिली नाही. आपल्या बेळगावच्या जुन्या ग्रंथालयाचं नावही सार्वजनिक वाचनालय असंच आहे. दार सगळ्यांना उघडं आहे, हे पाटीच सांगते.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. काय करायचं ते नावातच आलं. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. इथं कुणासाठी करायचं ते नावात आलं. 'रयत' हा शेतात राबणाऱ्याच्या तोंडातला शब्द. आणि गंमत बघा, कन्नडमध्ये शेतकऱ्याला 'रैत' म्हणतात, म्हणजे तोच शब्द. नाव पूर्ण मराठी, तरी चिकोडीच्या बाजारात कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यातला 'रयत' कळणार.

१९२४ साली डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. समाजानं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी तीच गोष्ट पाटीवर लिहिली, आणि पाटी वाचणाऱ्याला खाली बघायला लावलं. त्या नावात दया मागणं नव्हतं, जाब विचारणं होतं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. काम एवढं मोठं की त्याला तोड नाही. पण ती संस्था आज 'अनाथ' या नावानं ओळखली जात नाही, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. काळ बदलला तसं नाव बदलावं लागलं. विचार करा, वीस वर्षांची मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाते आणि तिच्या प्रमाणपत्रावर ठळक अक्षरांत 'निराधार' किंवा 'गरीब' असं छापलेलं असतं. मदत तिला एकदाच मिळाली, शिक्का मात्र जन्मभराचा. म्हणून पहिला प्रश्न हा : आपण ज्यांच्यासाठी काम करणार, त्यांना हे नाव स्वतःच्या कागदावर छापलेलं चालेल का?

गोव्यात हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडली. देवळांच्या सेवेशी बांधलेल्या, हिणवल्या जाणाऱ्या समाजानं एकत्र येऊन 'गोमंतक मराठा समाज' हे नाव घेतलं. लोकांनी दिलेली नावं टाकली आणि स्वतः निवडलेलं लावलं. संस्थेचं नाव ही त्यांच्यासाठी मान परत मिळवायची पायरी होती.

आणि गडचिरोलीचं उदाहरण तर प्रत्येक बैठकीत सांगावं असं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आदिवासींसाठी दवाखाना उभारताना आधी आदिवासींनाच विचारलं. त्या दवाखान्याला नाव मिळालं ते त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. आपण किती वेळा विचारतो? अभ्यासिका पोरांची, आणि नाव ठरवणारे सगळे चाळिशीचे.

'समिती' म्हटलं की काय आठवतं?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडं येऊ. सीमाभागात नुसतं 'समिती' म्हटलं की लोकांना एकच समिती आठवते, महाराष्ट्र एकीकरण समिती. ते स्वाभाविक आहे. तिच्या नावातच तिची मागणी आहे, आणि चळवळीच्या संघटनेचं नाव असंच असायला पाहिजे. १९५६ साली पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचंही तसंच. नाव वाचलं की मागणी कळली.

पण तुमची रक्तदात्यांची संस्था म्हणजे मागणी नाही. अभ्यासिका म्हणजे मोर्चा नाही. बचत गटांना हिशेब शिकवणाऱ्या संस्थेला 'सीमाभाग मराठी अमुक समिती' असं नाव दिलं की लोक तिला कुणाची तरी शाखा समजतात. निवडणूक आली की 'तुम्ही कोणत्या गटाचे?' असं आपलीच माणसं विचारतात. पलीकडचेही तसंच करतात, कारण त्यांच्याकडं नुसतं 'वेदिके' म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं ते आपल्याला माहीत आहे. शेवटचा शब्द आपण सवयीनं लावतो, आणि ऐकणारा नेमका तोच धरून बसतो. वाचनालय असेल तर वाचनालय म्हणा. अभ्यासिका, केंद्र, मंडळ, शाळा, दवाखाना, हे साधे शब्द आपल्याकडं आहेत की.

यावर कुणीतरी उसळून म्हणेल, "म्हणजे भिऊन मराठी लपवायचं?"

मुळीच नाही. घटनेच्या कलम २९ नं आपली भाषा जपण्याचा हक्क दिलाय. कलम ३० नं भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. नावात 'मराठी' लिहिण्यात गैर काहीच नाही. ज्या संस्थेचं काम भाषा हेच आहे, तिनं ते मोठ्या अक्षरांत लिहावं. इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेचं काम साहित्य, म्हणून ते नाव तिला शोभतं. गोव्यातल्या गोमंतक मराठी अकादमीचंही तसंच. तुम्ही मराठी नाटकाचं, मराठी शाळेचं, मराठी पुस्तकांचं काम काढलंत तर जरूर लिहा.

पण काम वेगळं असेल तर 'मराठी' हे लेबल न लावता मराठी शब्दच नाव म्हणून द्या. हैदराबादेत निजामाच्या राज्यात, उर्दूच्या अमलात, मराठी माणसांनी १९०७ साली शिक्षणसंस्था काढली आणि नाव ठेवलं विवेक वर्धिनी. त्यात महाराष्ट्र नाही, मराठी नाही. तेलुगू माणसाला ते कळतं, कन्नड माणसाला कळतं, आणि कुणी काढली ते सगळ्या शहराला माहीत होतं. ही संस्था आजही उभी आहे.

आता हिशेब करा. 'मराठी युथ एम्पॉवरमेंट फाउंडेशन' या नावात मराठी शब्द किती? एकच, तोही लेबल म्हणून. 'पणती' या नावात? सगळंच मराठी. बँकेतला कन्नड कारकून, तालुका कचेरीतला साहेब, बंगळुरूचा देणगीदार, जो तो तुमचं नाव घेईल तो मराठी शब्दच उच्चारेल, आणि कुणालाही न टोचता उच्चारेल. भाषा टिकवायचा हा मार्ग मला घोषणेपेक्षा भक्कम वाटतो.

शेजाऱ्याच्या कानानं ऐका

सीमेवर राहण्याचा एक फायदा आपण वापरत नाही. मराठी आणि कन्नड या दोघींच्या घरात कितीतरी भांडी सामाईक आहेत. आपली पणती तिकडं 'हणते' होते. आपला आसरा तिकडं 'आसरे'. झाडाखालचा कट्टा तिकडं 'कट्टे'. चावडी तर दोन्हीकडं चावडीच. आपण तिचा 'च' दातांवर म्हणतो, ते टाळूवर म्हणतात, एवढाच काय तो फरक. असं एखादं नाव घेतलं तर ते अस्सल मराठी राहतं आणि शेजाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही.

उलट काही शब्द फसवे आहेत. तरुणांच्या नोकरी मार्गदर्शन केंद्राला कुणी हौसेनं 'अवसर' नाव देईल. हिंदीत त्याचा अर्थ संधी. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई. तेलुगूत गरज. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, आणि आपल्याकडं आणि कन्नडमध्ये दंड. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'अभ्यास' हा आपला लाडका शब्द कन्नडमध्ये सवय म्हणून जास्त ओळखला जातो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मित्रांना हिंदीच्या बाजूनं, हैदराबादच्या मित्रांना तेलुगूच्या बाजूनं आणि बडोद्याच्या मित्रांना गुजरातीच्या बाजूनं हीच चाळणी लावावी लागेल. त्यासाठी शब्दकोश नको. ती भाषा घरी बोलणाऱ्या मैत्रिणीला नाव नुसतं ऐकवा आणि विचारा, "काय वाटलं?" अर्थ सांगत बसू नका. तिच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

तीन लिप्या, एकच नाव

कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर नामफलकावर ६० टक्के कन्नड बंधनकारक आहे, आणि त्या यादीत दुकानं-हॉटेलांबरोबर ट्रस्टही आहेत. या कायद्याबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, त्याचा एक व्यवहारी अर्थ असा की तुमचं नाव लोक सगळ्यात मोठ्या अक्षरांत कन्नडमध्ये वाचणार. मग ते कन्नडमध्ये कसं लिहायचं हे फलक रंगवणाऱ्यावर सोडू नका. संस्थेनं पहिल्याच बैठकीत ठरवावं. 'जाणीव' मधला आपला 'ज' आणि 'जय' मधला 'ज' वेगळा. कन्नड लिपीत हा फरक दाखवायला वेगळी खूण नाही. तेव्हा ते नाव कसं वाचलं जाईल आणि आपल्याला ते चालेल का, हे आधीच बघून घ्या.

इंग्रजी स्पेलिंगचा त्रास तर आणखी मोठा. तिथं 'ण' आणि 'न' एक होतात, 'ळ' चा 'ल' होतो. 'जिव्हाळा' दहा जणांना इंग्रजीत लिहायला सांगा, चार-पाच तऱ्हा हमखास मिळतील. एक 'ए' की दोन, 'व्ही' की 'डब्ल्यू', सगळा गोंधळ. आणि हा गोंधळ नुसता दिसण्यापुरता नसतो. नोंदणीचा दाखला, पॅन कार्ड, बँक खातं, आयकराची प्रमाणपत्रं, सगळीकडं स्पेलिंग एकच लागतं. एका अक्षराच्या फरकानं खातं अडकतं, देणगीची पावती परत येते. ज्या नावाचं स्पेलिंग एकाच प्रकारे सुचतं ते नाव निम्मी डोकेदुखी वाचवतं.

गावाचं नाव, नदीचं नाव

गावाचं नाव लावायची आपली जुनी हौस आहे. पण आपल्याकडं गावाच्या नावालाही इतिहास चिकटलेला असतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. आता नव्या संस्थेच्या नावात काय लिहिणार? एक लिहिलं तर घरचे रुसतात, दुसरं लिहिलं तर कचेरी. पत्त्यात जे लागतं ते लिहा. संस्थेच्या नावात गाव घालायची गरज आहे का, हे मात्र दोनदा विचारा. काम उद्या शेजारच्या तालुक्यात गेलं तर नाव तोकडं पडतं, हेही आहेच.

जागेची खूण हवीच असेल तर नद्यांकडं बघा. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते. मांजरा बीडच्या डोंगरातून निघून लातूर, बिदर करत तेलंगणात जाते. या नद्यांची नावं दोन्ही बाजूंना तीच. तरी तिथंही डोळे उघडे ठेवा. म्हादई घेतलीत तर गोवा आणि कर्नाटकाचा पाण्याचा तंटा नावाबरोबर घरात येतो.

महाराजांचं नाव

हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्यापैकी निम्म्या बैठकांत पहिलं नाव सुचतं ते छत्रपती शिवाजी महाराजांचं. भावना कळते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली कायद्याची. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणारा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांची नावं आहेत. सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल अशी नावंही तिथंच आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी नावं वापरण्यावर बंधन आहे, आणि नोंदणी अधिकारी त्यावर बोट ठेवून अर्ज परत करू शकतो.

दुसरी गोष्ट कायद्याच्या पलीकडची. संस्था म्हटली की कधी हिशेबावरून वाद होतो, कधी दोन गट पडतात. तेव्हा गावात काय बोललं जाईल? महाराजांच्या नावाच्या संस्थेत पैशांची भानगड. ते नाव या तोंडी यावं का? १७ जानेवारीला आपण ज्यांना वंदन करतो त्या हुतात्म्यांच्या नावांचंही असंच. त्यांची नावं लावायची असतील तर आधी त्यांच्या घरच्यांना भेटा, विचारा, आणि ते नाव पेलण्याइतकं काम आपल्या हातून होणार आहे का हे स्वतःला विचारा. हयात पुढाऱ्याचं नाव तर नकोच नको. पुढारी पक्ष बदलतो, पाटी तिथंच राहते.

तोंडात बसतं का बघा

मराठी नावाची एक हुकमी परीक्षा आहे, त्याला विभक्ती लावून बघायची. "आनंदवनात गेलो होतो", "आनंदवनाचं काम", "आनंदवनातली माणसं". किती सहज येतं! बाबा आमट्यांच्या त्या संस्थेचं नोंदणीतलं नाव महारोगी सेवा समिती असं आहे. कागदावर ते आहे, लोकांच्या तोंडात आनंदवन आहे. 'युथ एम्पॉवरमेंट फाउंडेशनमध्ये' असं म्हणताना जीभ दोनदा अडखळते, आणि महिन्याभरात लोक त्याचं काहीतरी आखूड करून टाकतात.

लोक नाव आखूड करणारच. आपल्या शहरातच बघा. १९१६ साली बेळगावात कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आज दवाखान्यापासून कॉलेजपर्यंत सगळीकडं ती के.एल.ई. आहे, आणि पूर्ण नाव किती जणांना सांगता येईल? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची लोकांनी 'अंनिस' केली, आणि ते रूपही मराठी तोंडात छान बसलं. तुमच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं तिन्ही लिप्यांत जुळवून बघा. त्यातून भलताच शब्द तयार होत असेल तर गावातली पोरं तो पहिल्याच दिवशी शोधून काढतील.

नोंदणीचं थोडक्यात

सोसायटी काढायची तर किमान सात जण लागतात. कर्नाटकात १९६० चा सोसायटी नोंदणी कायदा, गोव्यात १८६० चा, मध्य प्रदेशात १९७३ चा, तेलंगणात २००१ चा. आधीच नोंदलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव अडकतं, म्हणून तीन नावं पसंतीच्या क्रमानं तयार ठेवा. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढणार असाल तर नावात फाउंडेशन, फोरम, असोसिएशन, कौन्सिल यांसारखा शब्द घालावाच लागतो. तिथं 'फाउंडेशन' ही सक्ती समजा, पण त्याच्या आधीचा शब्द तुमच्या हातात आहे. पाणी फाउंडेशन आणि नाम फाउंडेशन यांनी तेच केलं, पुढचा शब्द आपला ठेवला.

शेवटी एक सुचवतो. नाव एका बैठकीत ठरवू नका. पहिल्या बैठकीत नावच काढू नका, फक्त लिहा : काम काय, कुणासाठी, पाच वर्षांनी कुठवर. मग आठवडाभर जाऊ द्या. त्या दिवसांत ज्यांच्यासाठी काम करणार त्यांना भेटा, त्यांचे शब्द ऐका. नाव बहुतेक तिथंच सापडेल. दुसऱ्या बैठकीत त्यांच्यातल्या दोघा-तिघांना बोलवा आणि उरलेली तीन नावं त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

आणि नाव ठरलं की त्याच दिवशी इतिवृत्तात चार ओळी लिहून ठेवा, हेच नाव का निवडलं ते. ही संस्था वीस वर्षांनी जी पोरं चालवतील ती आज बालवाडीत आहेत. कुणी त्यांना विचारलं, "तुमच्या संस्थेला हे नाव का?", तर उत्तर त्यांच्या वहीत असू दे.